शाळेचा मेल आणि शेवटून तिसरी ओळ



मागच्या ऑगस्टमध्ये मी आमच्या शाळेच्या मेलची चावी ६२ लोकांच्या हातात दिली. कुणी फसवून घेतली नाही, ओटीपी विचारणारा फोनही आला नाही. मी स्वतःहून दिली, मदत म्हणून, खाली हात जोडल्याची खूण टाकून. त्याबद्दलच आज लिहायचं आहे. पण नुसती चूक सांगून भागणार नाही, कारण ती चूक समजायला आपला मेल मशीनमधून बाहेर पडतो कसा हे आधी समजावं लागतं. मलाही ते चूक झाल्यावरच नीट समजलं. डीएडला असताना मेल म्हणजे आमच्यासाठी 'कंपोज' दाबायचं आणि 'सेंड' दाबायचं, एवढंच होतं.

आमची शाळा मेढ्यापासून थोडी आत, वेण्णेच्या अंगाला. जावळीतला पाऊस तुम्हाला माहीत असेल तर रेंजबद्दल वेगळं सांगायला नको. जून लागला की मोबाईलवरच्या दांड्या दोनच्या एक होतात आणि केळघरच्या बाजूने ढग उतरले की तीही जाते. शाळेतलं मशीन गावातल्या एका मुंबईकराने वापरून झाल्यावर दिलेलं, एक जीबी मेमरीचं. त्यावर ब्राउझरमधून मेल उघडायचा तर पानावरचं चक्र फिरायला लागायचं, मी खिचडीची पंगत उठवून यायची, तरी ते फिरतच असायचं. मग संध्याकाळी मेढ्यात येऊन एका कॉम्प्युटर सेंटरमधून यादी पाठवायची. तिथे चार जण मागे उभे, पासवर्ड टाइप करताना पाठीला डोळे चिकटलेले.

दिवाळीत माझा पुण्याचा मावसभाऊ आला होता, त्याला हे रडगाणं ऐकवलं. तो म्हणाला, "ताई, तुला पाठवायचीत अक्षरं. मग सगळी चित्रं, जाहिराती, रंगीत बटणं कशाला उघडत बसतेस?" आणि त्याने मशीनवर लिनक्स टाकून त्यात मट नावाचा प्रोग्रॅम बसवून दिला. मट म्हणजे गावठी कुत्रं. मायकेल एल्किन्स नावाच्या माणसाने १९९५ साली तो लिहायला घेतला. काळा पडदा, त्यावर नुसती अक्षरं, माउस नाही. 'एम' दाबलं की नवं पत्र, 'वाय' दाबलं की रवाना. आमच्या म्हाताऱ्या मशीनवर तो डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडतो, आणि एक दांडी रेंज असली तरी पत्र निघून जातं, कारण जाताना फक्त पत्रच जातं.

हे काही नवीन नाही हेही मला तेव्हाच कळलं. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा विद्यार्थ्यांना परवडणारं जे 'शेल' खातं मिळायचं त्यात चित्रं दिसतच नसत. टेलिफोनच्या तारेवरून मोडेम किंचाळायचा आणि मग काळ्या पडद्यावर अक्षरं यायची. मेल वाचायला पाइन नावाचा प्रोग्रॅम असायचा. म्हणजे मुंबई-पुण्याच्या एका पिढीने मेल शिकला तो असाच. फरक एक, आणि तोच आजचा विषय: त्या काळात पत्रही उघडं जायचं आणि पासवर्डही उघडाच जायचा.

उघडं म्हणजे काय, ते मला माझ्या आजीमुळे चटकन कळतं. आमच्या जावळीतली कितीतरी घरं मुंबईच्या माथाडी कामावर चालली. आजोबा मुंबईत, आजी गावात. आजोबांचं पोस्टकार्ड यायचं आणि आजीला वाचता येत नव्हतं, त्यामुळे पोस्टमन ते ओट्यावर बसून मोठ्याने वाचायचा. आजोबा आजारी आहेत हे आजीच्या आधी शेजारणीला कळलेलं असायचं. कारण पोस्टमनने ते वाटेतच वाचलेलं, आणि तो पाण्याला जिथे थांबला तिथे सांगितलेलं. त्याचा काही वाईट हेतू नव्हता. कार्ड उघडं होतं, एवढंच.

मेलचं पोस्ट ऑफिस ज्या नियमांवर चालतं ते नियम जॉन पोस्टेल यांनी १९८२ च्या ऑगस्टमध्ये लिहून काढले. त्याला एसएमटीपी म्हणतात. त्यात मेल म्हणजे असं पोस्टकार्डच होतं. तेव्हा जाळ्यावर विद्यापीठं आणि संशोधन संस्था होत्या, बहुतेक सगळे एकमेकांना ओळखणारे. पाकीट करायची कुणाला गरज वाटली नाही. पाकीट नंतर आलं, म्हणून ते वरून चिकटवल्यासारखं आहे आणि म्हणूनच ते आपण मागून घ्यावं लागतं.

हे मी पाचवीच्या वर्गात करून पाहिलं. तुम्हीही करा, पाऊण तासाचा खेळ आहे आणि खर्च शून्य. एक मुलगा 'मशीन', एक मुलगी 'सर्व्हर', म्हणजे पोस्ट ऑफिस. मध्ये तीन मुलं 'रस्ता'. रस्त्यातल्या मधल्या मुलाला मी चहाच्या टपरीवाला केलं. सगळं बोलणं चिठ्ठ्यांवर लिहायचं आणि रस्त्यातून हातोहात पुढे द्यायचं. मशीन आणि सर्व्हर खरोखर जसे बोलतात तसंच, फक्त मराठीत.

सर्व्हर: २२०, हजर आहे.
मशीन: नमस्कार, मी शाळेचं मशीन.
सर्व्हर: २५०, नमस्कार. मोठं पत्र चालेल. मराठी अक्षरं चालतील. पाकीट बंद करता येतं.

हे आकडे खरे आहेत बरं का. २२० म्हणजे तयार आहे, २५० म्हणजे ठीक आहे. मुलांना ते फार आवडले, आठवडाभर हजेरीला "२२०, बाई" चाललं होतं. पत्र संपल्याची खूण म्हणून एका ओळीवर एकटं टिंब द्यायचं असतं, तेही खरं. शेवटच्या बाकावरच्या एकाने पत्राच्या मध्येच ओळीवर एकटं टिंब काढलं आणि निम्मंच पत्र पोचलं, त्यावर जी चर्चा झाली तेवढी विरामचिन्हांच्या पाठाला कधी झाली नव्हती.

आता गंमत. 'पाकीट बंद करता येतं' ही ओळ आली की मशीन म्हणतं, 'मग कर सुरू', आणि इथून पुढच्या सगळ्या चिठ्ठ्या बंद कंपासपेटीतून जातात, वर रबर लावून. टपरीवाल्याला पेटी दिसते, आतलं दिसत नाही. खऱ्या जगात या 'कर सुरू'ला स्टार्ट टीएलएस म्हणतात, मेलच्या नियमांत ते १९९९ च्या जानेवारीत आलं. पासवर्डाची चिठ्ठी पेटी बंद झाल्यावरच जायला हवी.

पहिली फेरी छान झाली. दुसऱ्या फेरीत मी टपरीवाल्याच्या कानात सांगितलं, सर्व्हरच्या चिठ्ठीची शेवटची ओळ फाडून टाक. त्याने फाडली. मशीन झालेल्या मुलाने चिठ्ठी वाचली: मोठं पत्र चालेल, मराठी अक्षरं चालतील. पाकिटाचा उल्लेख नाही. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "बरं, पाकीट नाय तर नाय," आणि पासवर्डाची चिठ्ठी उघडीच पुढे दिली. टपरीवाल्याने ती वर्गाला मोठ्याने वाचून दाखवली. हशा झाला. तेवढ्यात खिडकीजवळची एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, पाकीट नसंल तर द्यायचंच नाही ना मग!"

मट वापरणाऱ्याच्या फाईलमध्ये हीच ओळ असते. एसएसएल फोर्स टीएलएस, बरोबर, यस. म्हणजे पाकीट मिळालं नाही तर पत्र पाठवू नकोस, परत ये. (मी इथे देवनागरीत लिहितेय, फाईलमध्ये अर्थात इंग्रजीत टाइप करायचं, शब्दांच्या मध्ये खालची रेघ देऊन.) २०२० साली मटची दुसरी आवृत्ती आली तेव्हापासून हे आपोआप 'यस' असतं. आमच्या मशीनवर जुनी आवृत्ती होती आणि तिच्यात ते 'नो' होतं. म्हणजे आमचं मशीन "पाकीट नाय तर नाय" म्हणणारं होतं, आणि मला ते माहीतच नव्हतं. त्या मुलीचं वाक्य मी घरी जाऊन फाईलमध्ये लिहिलं.

त्याहून बरा मार्ग असा की पाकिटाची वाटाघाट उघड्यावर करूच नये. पहिल्या नमस्काराच्या आधीच पेटी बंद. त्यासाठी पोस्ट ऑफिसची वेगळी खिडकी असते, ४६५ नंबरची. ५८७ नंबरच्या खिडकीवर आधी उघडं बोलणं आणि मग पाकीट. दोन्ही चालतात, पण २०१८ च्या जानेवारीत हे नियम लिहिणाऱ्यांनीच सांगितलं की शक्य असेल तिथे पहिल्यापासून बंद खिडकी वापरा. मटमध्ये पत्ता लिहिताना सुरुवातीला एसएमटीपीच्या पुढे आणखी एक 'एस' जोडला आणि शेवटी ४६५ लिहिलं की झालं. जीमेल असेल तर मधला पत्ता एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम. एका 'एस'चा फरक. शुद्धलेखनात ऱ्हस्व-दीर्घावरून मुलांना मी एवढं ओरडते, आणि इथे माझाच एक 'एस' राहून गेला होता.

वर्गात तिसरी फेरीही झाली, ती माझ्या डोक्यात नव्हती. टपरीवाला आता चेकाळला होता. तो म्हणाला, "मीच सर्व्हर. द्या पेटी माझ्याकडे." आणि मशीनने दिली! पेटी बंद होती, रबर लावलेलं होतं, नियमाप्रमाणे सगळं होतं, पण ती चोराच्याच हातात बंद करून दिली होती. मुलं माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "शाळेत नवीन मुलगा आला आणि म्हणाला मी अमक्या शाळेतून आलोय, तर आपण काय मागतो?" "दाखला!" सगळे ओरडले.

सर्व्हरकडेही दाखला असतो. त्यावर सर्व्हरचं नाव, देणाऱ्याची सही, आणि मुदत: या तारखेपासून या तारखेपर्यंत. आपलं मशीन दर वेळी तो तपासतं. एरवी हे आपल्याला दिसत नाही. मटमध्ये काही गडबड असली की तो काळ्या पडद्यावर दाखला उघडून ठेवतो आणि खाली विचारतो: नाकारू, एकदाच स्वीकारू, की कायम स्वीकारू?

आमच्याकडे तो हे रोज विचारायचा. आणि मी रोज 'एकदाच'चं बटण दाबायचे, मग कंटाळून एक दिवस 'कायम' दाबणार होते. बोट बटणावर होतं. पण त्या दिवशी वर्गातल्या त्या टपरीवाल्याचा चेहरा डोळ्यांसमोर आला, म्हणून म्हटलं वाचू तरी काय लिहिलंय. लिहिलं होतं की दाखल्याची मुदत अजून सुरूच झालेली नाही. अजून सुरू नाही? संपली असती तर समजलं असतं. मग कोपऱ्यातली तारीख पाहिली. मशीनच्या मते ती २००९ सालची १ जानेवारी होती.

मशीनच्या आत घड्याळाचा एक छोटा सेल असतो, नाण्यासारखा. तो मेला होता. वीज गेली की मशीन दिवस विसरायचं आणि २००९ सालात जाऊन बसायचं. नेट जोडल्यावर तारीख आपोआप लागायची सोय असते, ती आमच्याकडे बंद होती. २००९ सालात बसलेल्या माणसाला आजच्या तारखेचा उत्पन्नाचा दाखला दाखवला तर तो तरी खरा कसा मानणार? सर्व्हरची काही चूक नव्हती. मेढ्यातल्या घड्याळजीकडून २०३२ नंबरचा सेल आणला, पाठीमागचं झाकण काढून बसवला, आणि प्रश्न विचारणं बंद झालं. ज्यांच्या शाळेत जुनी मशीनं आहेत त्यांनी आधी तारीख बघा. 'कायम स्वीकारा' नंतर कधीही दाबता येतं, म्हणून ते आधी दाबू नका. तो प्रश्न आला की थांबायचं आणि कारण वाचायचं, इंग्रजी असलं तरी एकेक शब्द लावून.

आता पासवर्ड. जीमेलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी नेहमीचा पासवर्ड अशा बाहेरच्या प्रोग्रॅमना चालणं बंद केलं. आधी खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावायची, मग ते एक वेगळा १६ अक्षरांचा 'ॲप पासवर्ड' देतं, तो एकदाच दिसतो. मला सुरुवातीला हा त्रास वाटला होता. पण कल्पना चांगली आहे. घराची मुख्य किल्ली आपल्याकडे, आणि दूधवाल्याला फक्त फाटकाची. फाटकाची हरवली तर तेवढंच कुलूप बदलायचं. अर्थात हे फाटक मोठं आहे, त्याच्या आत सगळा मेल आहे. हे मी तेव्हा विसरले.

मट तो पासवर्ड विचारायचा. रोज १६ अक्षरं कोण टाइप करणार, म्हणून मी तो फाईलमध्येच लिहून टाकला. खूप जण असंच करतात. मग सगळं सुरळीत चालायला लागलं, पावसातही याद्या जायला लागल्या, आणि केंद्राच्या शिक्षण परिषदेत मी ते जरा मिरवलं. दोघातिघांनी विचारलं, "मॅडम, आम्हालाही द्या ना तुमची सेटिंग." घरी आले, फाईल उचलली, व्हॉट्सॲपवर केंद्राच्या ग्रुपला टाकली. 'सर्वांना उपयोगी पडेल.' हात जोडलेले.

वीसेक मिनिटांनी एका शाळेतल्या सरांचा फोन आला. त्यांनी ग्रुपवर काही लिहिलं नाही, फोन केला, हे मी विसरणार नाही. ते एवढंच म्हणाले, "मॅडम, फाईल उघडून शेवटून तिसरी ओळ बघा बरं."

मी बघितली. हातपाय गार पडले.

तुम्ही म्हणाल एवढं काय, शाळेच्या मेलमध्ये असतं काय. मीही आधी तसंच म्हणाले असते. त्या रात्री मी 'पाठवलेले' हा खण उघडून बसले. मुलांची नावं, आधार क्रमांक, आईवडिलांचे मोबाईल. शिष्यवृत्तीसाठी बँक पासबुकांच्या पहिल्या पानाचे फोटो. एका मुलाचा दिव्यांगत्वाचा दाखला, त्यात त्याच्या आजाराचं सविस्तर नाव. आणि एक यादी, जिच्यात प्रत्येक मुलाचा सध्याचा पत्ता. त्यात एक मुलगी आहे. तिची आई नवऱ्याचं घर सोडून मुलीला घेऊन माहेरी आली, आणि प्रवेशाच्या दिवशी माझा हात धरून म्हणाली होती, "बाई, आम्ही कुठं ऱ्हातो ते कुणाला सांगू नका." मी हो म्हटलं होतं. तोंडाने कुणाला सांगितलंही नव्हतं.

करायचं ते लगेच केलं. ग्रुपवरून फाईल सर्वांसाठी काढली, पण तोवर किती फोनमध्ये ती उतरून बसली असेल याला काही उपाय नाही. म्हणून खरं काम दुसरं: खात्याच्या सुरक्षेच्या पानावर जाऊन तो ॲप पासवर्ड रद्द करणं. ते दोन मिनिटांचं काम, तिथे रेंज मिळायला मी छत्री घेऊन गच्चीवर पाऊण तास उभी होते. रद्द झाला त्या क्षणापासून ६२ फोनांतली ती ओळ नुसती १६ अक्षरं झाली. माझ्या मुख्य पासवर्डाला हात लावावा लागला नाही, मुख्याध्यापकांच्या मोबाईलवरचा मेल चालूच राहिला. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर मी काय केलं ते सरळ लिहिलं. दोघांनी नंतर वैयक्तिक मेसेज करून सांगितलं की त्यांच्याही शाळेत पासवर्ड फळ्याच्या मागे खडूने लिहिलेला आहे.

कुणीतरी मला म्हणालं की पासवर्ड फाईलमध्ये लिहा, पण बेस ६४ मध्ये बदलून लिहा, म्हणजे वाचता येत नाही. हे ऐकू नका. बेस ६४ म्हणजे आपली लहानपणची 'च'ची भाषा. 'मेढा'ला 'चेढाम' म्हटलं, 'शाळा'ला 'चाळाश' म्हटलं, की मोठ्यांना कळत नाही असं आपल्याला वाटायचं. ज्याला नियम माहीत त्याला सगळं कळतं, आणि बेस ६४ चा नियम सगळ्या जगाला माहीत आहे. मेल पाठवताना मशीन पासवर्ड याच 'च'च्या भाषेत सांगतं, म्हणून तर पेटी आधी बंद असावी लागते.

आता आमच्याकडे असं आहे. पासवर्ड वेगळ्या फाईलमध्ये, आणि ती फाईल जीपीजी नावाच्या कुलपात. मट उघडताना मी एकच वाक्य टाइप करते, ते कुठेही लिहिलेलं नाही, मग मट स्वतः कुलूप उघडून पासवर्ड वाचतो. मूळ सेटिंगच्या फाईलमध्ये आता गुपित असं काहीच नाही, ती कुणालाही देता येते. शिवाय दोन्ही फाईलींना परवानगी ६०० केली. यातलं गणित चौथीच्या मुलालाही सांगता येईल: वाचायचे ४, लिहायचे २, दोन्ही मिळून ६. पहिला अंक मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा बाकी जगाचा. ६०० म्हणजे मालकाला वाचता-लिहिता येईल, इतरांना शून्य आणि शून्य. स्थानिक किमतीचं याहून चांगलं उदाहरण मला पाठ्यपुस्तकात सापडलेलं नाही.

मराठीबद्दल एक सांगून टाकते, कारण तुम्ही विचारालच. काळ्या पडद्यावर देवनागरी नीट दिसत नाही. जोडाक्षरं सुटतात, वेलांटी भलत्या अक्षरावर जाऊन बसते, 'विद्यार्थी' बघून रडू येतं. ते फक्त दिसण्यापुरतं असतं, पलीकडे पत्र बरोबर पोचतं. मी मटला सांगून ठेवलंय की पत्र लिहायला साधा टेक्स्ट एडिटर उघडत जा. तिथे अक्षरं नीट दिसतात, जतन करून बंद केलं की मट पुढचं बघतो.

आणि या सगळ्याची मर्यादा. पेटी बंद असते ती आपल्या मशीनपासून आपल्या पोस्ट ऑफिसपर्यंत. तिथे ती उघडते. पुढच्या पोस्ट ऑफिसला जाताना बहुतेक वेळा पुन्हा बंद होते, पण ते आपल्या हातात नाही. आणि पलीकडच्या खात्याचा पासवर्ड कुणी फळ्यामागे लिहिला असेल तर तेही आपल्या हातात नाही. म्हणून आधार किंवा बँकेची माहिती असलेली यादी आता मी आधी जीपीजीनेच कुलूपबंद करते आणि उघडायचा शब्द फोनवर सांगते. पलीकडे ते उघडता येत नसेल तर कागदावर घेऊन स्वतः जाते. २०२३ साली वैयक्तिक डेटाबद्दलचा जो कायदा झाला त्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीची वेगळी दखल घेतली आहे. तो मी सावकाश वाचते आहे. आपण सगळ्यांनीच वाचायला हवा, पण त्यावर पुन्हा कधीतरी.

त्या मुलीच्या आईला मी सांगितलं. सांगावं की नाही यावर दोन दिवस गेले. खात्यात कुठून कुठून शिरकाव झाला ते दिसतं, त्यात शाळेचं मशीन आणि आमचे फोन यांच्याशिवाय काही दिसलं नव्हतं, त्यामुळे गप्प बसता आलं असतं. पण शनिवारी शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेले. ती भात लावून आली होती, पाय चिखलाचे. सगळं ऐकून घेतलं. ओरडेल असं वाटलं होतं, ती ओरडली नाही. तिने विचारलं, "पण बाई, त्या यादीत आमचा पत्ता कशाला घातलावता?"

मला उत्तर देता आलं नाही. सोमवारी मी यादी मागवणारं मूळ पत्र काढून वाचलं. नाव, इयत्ता, आधार, बँक खातं, एवढंच मागितलं होतं. पत्त्याचा रकाना मागच्या कुठल्यातरी वर्षीच्या तक्त्यात होता, आणि मी दर वेळी तोच तक्ता उघडून नवीन नावं भरत आले होते.